चहापुरतं दूध

आमच्या चुलतसासऱ्यांइतका खोटारडा माणूस अख्ख्या कर्नाटकात नाही, आणि कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात शोधायला गेलात तरी सापडायचा नाही. खोटं तसं आपण सगळेच बोलतो. मी बेळगावला उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात बसतो. तिथं 'माल गाडीत चढलाय' असं मी फोनवर सांगत असतो तेव्हा तो पुष्कळदा भट्टीतसुद्धा गेलेला नसतो. पण आपल्या खोट्याला काही शेंडाबुडखा असतो. माणूस पगार वाढवून सांगतो, वय कमी करून सांगतो, त्यात त्याचा चार पैशांचा नाही तरी चार शब्दांचा फायदा असतो. आमचे आप्पा (बायकोचे चुलते, म्हणून मीही त्यांना आप्पाच म्हणतो) जन्मभर खोटं बोलत आले ते फक्त स्वतःच्या तोट्याचं. आहे त्याला नाही म्हणायचं, चांगल्याला वाईट म्हणायचं आणि भरलेल्याला रिकामं. असा आतबट्ट्याचा खोटारडेपणा करायला वेगळीच अक्कल लागते, आणि ती आप्पांकडे उदंड आहे.

याचं कारण एकच, दृष्ट. निपाणीपासून थोडं आत, नदीकाठच्या त्यांच्या गावात दृष्टीला सगळेच थोडेफार भितात. गोठ्याला काळी बाहुली टांगतात, नव्या घराला जुनी चप्पल बांधतात, दुभत्या म्हशीचं दूध कुणी विचारलं तर दोन लिटर कमी करून सांगतात. एवढ्यापर्यंत रीतच आहे, कुणी कुणाला नावं ठेवत नाही. आप्पांनी त्या रीतीचा धर्म करून टाकला. गावातल्या सगळ्यांत चांगल्या म्हशीचं नाव त्यांनी ठेवलं भिकी. काळीभोर मुऱ्हा, शिंगं जिलबीसारखी वळलेली, कास अशी की चालताना तिचे मागचे पाय फाकायचे. आणि नाव भिकी. तिच्या पाठीवर मुद्दाम शेणाचा एक पो कायम वाळलेला ठेवायचे. कुणी विचारलं, "आप्पा, म्हस किती देतीया?" की यांचं उत्तर ठरलेलं. "कुठलं काय, च्यापुरतं हाय." हे सांगताना त्यांच्या हातातल्या किटलीच्या ओझ्यानं खांदा एका बाजूला कललेला असायचा.

डेअरीत ते दूध कधीच घालत नसत. डेअरीत माप चारचौघांसमोर होतं, आकडा मोठ्यानं सांगतात, कागदावर छापून हातात देतात. आप्पांच्या मते हे म्हशीला विष घालण्यापैकीच. म्हणून ते भल्या पहाटे किटलीवर टॉवेल टाकून, गावाबाहेरच्या पाणंदीनं निपाणीला जायचे आणि तिथल्या चहाच्या हॉटेलांत, ओळखीच्या घरांत थोडं थोडं दूध घालून यायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे की एवढंच निघालं, तुमच्यासाठीच आणलं. गिऱ्हाइकं बिचारी वर्षानुवर्षं हळहळत त्यांच्याकडून दूध घेत. एका हॉटेलवाल्यानं तर भाकड म्हशीला पोसणाऱ्या या गरीब म्हाताऱ्याला दिवाळीत टॉवेल-टोपी दिली होती. आप्पांनी ती घेतलीसुद्धा.

माझं लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी शहरात, बेळगावच्या अनगोळात वाढलेला माणूस, म्हशीचं कौतुक केलं की धनी खूश होतो अशी माझी समजूत. मी गोठ्यात शिरून म्हटलं, "वा! काय झकास म्हैस आहे हो!" आप्पांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ते तीनदा थुंकले, काकींना हाक मारून मीठ-मोहरी-मिरच्या मागवल्या आणि माझ्या देखत म्हशीवरून ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आम्हा सगळ्यांनाच बसला. नेमकं त्याच संध्याकाळी भिकीनं पान्हा चोरला. तेव्हापासून त्या घरात मी 'नजरेचा जावई' आहे. मी यायच्या दिवशी भिकीचं तोंड भिंतीकडं फिरवून बांधत, आणि नव्या नवरदेवाला म्हशीचा पार्श्वभाग बघून परत जावं लागे.

प्रकरण म्हशीवर थांबलं असतं तरी मी त्यांना माफ केलं असतं. पण एकदा जिभेला वळण लागलं की ती कुणालाच सोडत नाही. शाळू गुडघाभर वर आला की आप्पा म्हणणार, "औंदा चिपाडं." घरावर स्लॅब टाकला तर सांगत सुटले की पहिल्याच पावसात गळतोय. त्यांची मुलगी शाळेत पहिली आली तेव्हा पेढे मागायला आलेल्या मास्तरांना म्हणाले, "काटावर पास झालीया म्हनं." पुढं तिला बघायला पाहुणे आले तर यांनी बैठकीतच सांगितलं की पोरीला भाकरी थापता येत नाही आणि तोंडानं जरा फटकळ आहे. पहिले पाहुणे कांदेपोहे न संपवताच उठून गेले. काकींच्या हातच्या रश्श्याला निपाणीत तोड नाही. पण जेवायला बसलेला पाहुणा 'वा' म्हणायला तोंड उघडतो न उघडतो तोच आप्पांचं ठरलेलं, "मीठ जास्त झालंय आज." काकी पदरानं कपाळ पुसत आणखी एक पळी वाढत. मला त्या माणसाचा तेव्हा मनापासून संताप यायचा. दुसऱ्या कुणाची नजर लागू नये म्हणून हा गृहस्थ घरातल्या प्रत्येक चांगल्या गोष्टीवर स्वतःच थुंकत होता.

मग पूर आला. नदीला पूर दरवर्षीच येतो, पण त्या वर्षी ती गावात येऊन राहिली. लोकांनी जनावरं वरच्या माळावर नेली, माणसं मराठी शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे सरकारच्या भाताच्या छावणीत. आप्पांची सगळी जनावरं वाचली. पाणी ओसरलं, सगळे परतले, सुटलो म्हणून लोकांनी श्वास सोडला. आणि भिजून फुगलेली गोठ्याची मातीची भिंत एका सकाळी भिकीच्या अंगावर बसली. शेजारी बांधलेली तिची रेडी तेवढी दाव्याला हिसडा देऊन बाहेर पळाली.

त्या म्हशीवर काकींचं घर चालत होतं, हे मला इथं स्पष्ट सांगायला हवं. शेतीचं उत्पन्न वर्षातून एकदा दिसायचं, रोजची मीठमिरची भिकी बघायची. भिकीला काकींनी रेडकू असल्यापासून वाढवलं होतं आणि ती दुसऱ्या कुणाच्या हाताला धार देत नसे. रेडी पहिल्यांदाच गाभण होती, ती व्यायला अजून अवकाश होता. दुसरी दुभती म्हैस आणायची तर सरकारची मदत मिळणं हा एकच मार्ग होता.

मदत तर पाणी ओसरतानाच जाहीर झाली होती. सरकारी मदतीचं एक बरं असतं, ती जाहीर लगेच होते. मंत्री आले, नवे कोरे गमबूट घालून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, फोटो निघाले, गमबूट परत गाडीत गेले. मग पंचनामे सुरू झाले, आणि भिंत पडली त्याच दिवशी ते आप्पांच्या गल्लीत पोचले. सरकारच्या लेखी मेलेलं जनावर तीन तऱ्हेचं असतं: दूध देणारं, ओढकाम करणारं, आणि त्यांचं पिल्लू. जे दूधही देत नाही आणि ओढतही नाही, ते सरकारच्या मते मेलेलंच नसतं. हे नियम गावात सगळ्यांना तोंडपाठ होते, आप्पांनासुद्धा. त्यांच्या समोरच्या घरातल्या तंबाखूच्या दलालाची म्हैस खरोखरची भाकड होती, इतकी की तिला चरवी दाखवली असती तर ओळखली नसती. पण पंचनाम्याला माणसं येताच दलालानं हंबरडा फोडला. घरातल्या लहानग्यांच्या तोंडचं दूध गेलं म्हणाला. त्याच्या घरात लहानगं कुणी नव्हतं. तलाठीसाहेबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि 'दुभती' लिहून घेतलं.

तीच मंडळी रस्ता ओलांडून आप्पांकडे आली. बरोबर पंचनाम्याला गोळा झालेलं अर्धं गाव. भिकी ढिगाऱ्यातून अर्धी वर काढलेली, आणि पलीकडे लिंबाला बांधलेली तिची रेडी. तलाठ्यानं मोबाईलवर फोटो काढला आणि विचारलं, "दुभती होती का?"

आप्पांनी एकदा जमलेल्या माणसांकडे बघितलं, एकदा रेडीकडे बघितलं, आणि म्हणाले, "कसली दुभती! म्हातारी भाकड हुती, सायेब. आज ना उद्या बाजारात न्हेनारच हुतो."

जनावरांचा डॉक्टर जरा बरा माणूस असावा. तो वाकून बघत म्हणाला, "पण कास तर भरलेली दिसते."

"सूज हाय ती," आप्पा म्हणाले.

असा हा माणूस. मेलेल्या म्हशीलाही नजर लागेल म्हणून त्यानं सरकारी डॉक्टरला खोडून काढलं. शेजाऱ्यांनी पंच म्हणून सह्या केल्या, त्याही अगदी सदसद्विवेकबुद्धीनं. त्यांनी बिचाऱ्यांनी वर्षानुवर्षं 'च्यापुरतं'च ऐकलं होतं. काकी तेव्हा आत चुलीपुढं रडत बसल्या होत्या, त्यांना यातलं काही कळलं नाही. कळलं ते पंचायतीच्या भिंतीवर मदतीची नावं लागली तेव्हा. दलालाचं नाव होतं. आप्पांचं नव्हतं.

काकींनी भांडण केलं नाही. त्यांनी आप्पांशी बोलणं बंद केलं आणि खुरपं घेऊन दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाऊ लागल्या. दुसऱ्या कुणाच्या बांधावर त्या आयुष्यात कधी मजुरीला गेल्या नव्हत्या. आप्पा दोन दिवस घरात बसले आणि मग त्यांनी मला फोन केला. नजरेच्या जावयाची आठवण झाली, कारण मला कन्नडमध्ये अर्ज लिहिता येतो. "जावईबापू, जरा येऊन जावा. म्हशीच्या बाबतीत सरकारची चूक झालीया," म्हणाले. सरकारची! मी बसमध्ये बेळगाव ते निपाणी सबंध वाट दात खात बसलो होतो.

निपाणीच्या सरकारी ऑफिसात आम्हाला 'नाळे बा' ऐकायला मिळालं. उद्या या. उद्या गेलो तर साहेब मीटिंगला, परवा सर्व्हर बंद. प्रत्येक टेबलावरचा माणूस आम्हाला पुढच्या टेबलाकडे पाठवत होता आणि शेवटच्या टेबलावरच्या माणसानं पहिल्याकडे पाठवलं. लोकांच्या मेलेल्या जनावरांवर इतकी माणसं इतक्या निवांतपणे चहा पितात हे मला माहीत नव्हतं. अखेर एका तरुण अधिकारी बाईंनी अर्ज वाचला. त्यांनी विचारलं, "पंचनाम्यात तुम्हीच भाकड म्हणून सांगितलंय. आता दुभती कशी झाली?"

आप्पांनी मान खाली घातली. मी दृष्टीचा सगळा प्रकार कन्नडमध्ये समजावून सांगितला. बाईंना हसू आवरेना. त्यांच्या आजोळी विजापूरकडेही म्हणे असंच चालतं. पण नियम तो नियम. फेरचौकशी होईल, पंचांसमोर होईल, आणि म्हैस किती दूध देत होती ते मालकानं स्वतः उभं राहून सांगायला हवं.

आप्पा घाबरेघुबरे झाले. जरा पुढं वाकून म्हणाले, "बाईसायेब, तुमच्या कानात सांगितलं तर चालंल न्हवं?"

बाईंनी नाही म्हटल्यावर आप्पांनी परतीच्या वाटेवर, अगदी घराच्या दारापर्यंत मला गळ घातली. "तुमीच सांगा की माझ्या वतीनं. न्हाय तर तुमच्या काकीला सांगाय लावू." काकींनी ते दारातच ऐकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही माझ्याकडं बघून. "ज्येनं भाकड म्हनलं त्येनंच सांगावं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

फेरचौकशीच्या दिवशी आप्पांनी आधी काय केलं असेल तर रेडीला सोडून गावाच्या दुसऱ्या टोकाला, कारखान्याच्या रस्त्यापलीकडच्या भावकीच्या मळ्यात नेऊन बांधलं. वर तिच्या कपाळाला काजळाचं बोट लावलं. मग स्वच्छ धोतर नेसून समाजमंदिरापुढं आले. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारी कारकून. पंच म्हणून तेच शेजारी, आणि दलाल सगळ्यांत पुढं, मोफत तमाशा बघायला. बाईंनी विचारलं, "म्हैस दूध देत होती का?"

"द्यायची," आप्पा म्हणाले.

"किती?"

आप्पांच्या कपाळावर घाम. ओठ हलले, आणि सवयीनं बाहेर आलं तेच, "च्यापुरतं."

गर्दी खदखदली. दलाल तर मांडीवर थाप मारून हसला. बाईंनी नाइलाजानं फाइल मिटली. मी मनात म्हटलं, संपलं. या माणसाला ब्रह्मदेव आला तरी खरं बोलायला लावू शकणार नाही. काकी भांगलणीवरून तशाच आलेल्या, गर्दीच्या मागं उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, खुरपं हातात, पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले. आप्पांचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं असावं. ते तिकडंच बघत राहिले.

"थांबा बाईसायेब," ते म्हणाले. "सकाळी सात लिटर द्यायची. सांजंला सा."

हसणं एकदम बंद झालं. कुणीतरी मागून म्हणालं, "आरं बापरे!" एक शेजारी तर रागानं उठून उभाच राहिला. "आप्पा, गेल्या साली मी तुला कीव करून वैरणीचा भारा दिलता की रं!"

पण आप्पांना आता काही ऐकू येत नव्हतं. "फॅट म्हनशीला तर बोट बुडवलं की बोटाला राहायचं," ते सांगत होते. "कदी लाथ मारली न्हाय. वैरण कमी पडली त्या सालीबी तिनं माप कमी केलं न्हाय, सोताची हाडं वर आली पर किटली भरली. माझ्या पोरीची शाळा तिच्यावर झाली. हिच्या हाताबिगर दुसऱ्याचा हात तिला चालायचा न्हाय. ही चार दिस माहेराला गेली तर दाराकडं बघून हंबरायची. म्हापुरात माळावर न्हेताना सगळी जनावरं पान्याला भेली, ही एकटी म्होरं झाली, मग बाकीची तिच्या मागनं आली. लई गुनाची हुती, बाईसायेब. लई गुनाची हुती. अशी म्हस मला परत मिळायची न्हाय."

कारकुनानं लिहायचं केव्हाच थांबवलं होतं. बाई एकदा हलकेच 'साकु' म्हणाल्या, पुरे म्हणून. आप्पा थांबले नाहीत. तिच्या शिंगांचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, ती हाक ओळखायची त्याचं सांगितलं. जन्मभरात राखून ठेवलेलं सगळं कौतुक त्या माणसानं एका मेलेल्या म्हशीवर भर चौकात ओतलं, आणि शेवटी डोक्यावरची टोपी काढून त्या टोपीनंच डोळे पुसले. दलालसुद्धा खाली बघत होता. कारकुनानं 'दुभती' असा शेरा मारला, पंचांनी पुन्हा सह्या केल्या. मदत यथावकाश खात्यावर आली, फार उशिरानं, पण आली. काकींचं भांगलायला जाणं थांबलं.

पण मला आठवते ती त्याच दिवसाची संध्याकाळ. आप्पा रेडी आणायला मळ्याकडं गेले होते. मी पडवीत चहा घेत बसलो होतो आणि काकी पायांवरचा चिखल धूत होत्या. आप्पांची अशी थट्टा करायची संधी मी सोडणार नव्हतो. म्हटलं, "काकी, आप्पांना चांगलं बोलता येतं की! आज तर अगदी भाषण ठोकलं."

काकी हसल्या नाहीत. तांब्यातलं उरलेलं पाणी पायांवर घेत म्हणाल्या, "व्हय. आता तिला नजर लागायचं भ्या न्हाय न्हवं."

मग जरा थांबून, जशी उद्याच्या कामाची गोष्ट सांगावी तसं म्हणाल्या, "माझं बी असंच सांगतील बगा. चार मान्सांत. मी गेल्यावर."

मी वळून बघितलं तर आप्पा रेडीचं दावं हातात धरून अंगणात उभे होते. ते केव्हा आले होते कोण जाणे. काकी पदराला हात पुसत रेडीला वैरण टाकायला परसात गेल्या. आप्पा थोडा वेळ तिथंच घुटमळले, मग रेडीला घेऊन त्यांच्या मागोमाग गेले. माझ्या बसची वेळ होत आली होती. निरोप घ्यायला मी परसाकडे गेलो नाही. चहाचा कप पडवीच्या कडेला ठेवला, चपला घातल्या आणि हळूच निघालो.